पायावर पाणी

१

दुपारचं जेवण झालं की जळबा पडवीतल्या बाजेवर आडवा व्हायचा, आणि त्याची नात दीक्षा पायथ्याशी भिंतीला टेकून मोबाईल घेऊन बसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे रोजचंच होऊन बसलं होतं. बाहेर ऊन असं तापायचं, की जवळा बाजार गावच्या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडायचं नाही.

घरात दोघंच. पुढं पडवी, आत एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण, आणि मागच्या दाराला लागून गोठा. गोठ्यात आता जनावर नव्हतं. शेवटचा बैल म्हातारा होऊन मेला, जळबानं त्याला बांधावर पुरलं आणि मग दुसरा घेतला नाही. नांगरटीला ट्रॅक्टर येत होता, तेवढं पुरे होतं. पण खुंटा त्यानं उपटला नव्हता. जनावरांना पाणी पाजायची दगडाची डोणीही होती तिथंच होती, कोरडी, तळाला पाचोळा घेऊन.

दीक्षाचे आईबाप हिंगोलीला राहायचे. बाप प्रमोद टेम्पो चालवायचा, आई ज्योती एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. पोरीला मूतखड्याचा त्रास निघाला होता. डॉक्टरांनी औषध थोडं आणि पाणी भरपूर सांगितलं. पाण्यानं खडा पडला तर पडला, नाहीतर पोट फाडावं लागेल, असंही सांगितलं. दोघंही दिवसभर कामावर, म्हणून सुट्टीपुरती पोरगी आजोबाकडे आली. सोडून जाताना ज्योतीनं सासऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली.

"मामा, ती जेवली न्हाई तरी चालंल. पण पाणी पाजा. दिसभर पाजा. तुमच्याबिगर ती कुनाचं ऐकत न्हाई."

"पाजतो ना माय. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?" जळबा म्हणाला होता.

पण दीक्षा पाणी पीत नव्हती. तांब्या पुढं केला की ती नजर न उचलता म्हणायची, "थांबा ना आबा, बॉस आलाय." बॉस गेला की म्हणायची, "मेले मी. आता पुन्हा पयल्यापासून." आणि तांब्या तसाच राहायचा.

मग जळबा शीळ घालायचा. बैलाला पाण्यावर नेलं की घालतात तीच शीळ. ओठ फारसे न मुरडता, दातांमागून येणारी, हळू, लांबट, एकाच सुरातली. ती ऐकली की उधळलेलं जनावरसुद्धा मान खाली घालतं आणि प्यायला लागतं. दीक्षा रांगत होती तेव्हा वाटीतलं पाणी तो तिला तसंच पाजायचा, आणि ज्योती हसून म्हणायची, "लेकराचं वासरू केलं मामांनी." आता पोरगी मोठी झाली होती. शीळ ऐकली की तिला हसू यायचं, आणि हसता हसता दोन घोट जायचे. तेवढेच.

२

त्या बॉसनं पोरीला पंधरवडाभर छळलं.

जळबाला मोबाईलमधलं काही कळत नव्हतं, पण नात सांगते म्हणून तो ऐकायचा. गेममध्ये जनावरं पाळायची, वाढवायची आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवायची. दीक्षाची तीन होती. आग ओकणारी पाल, तिचं नाव मिरची. विषारी बेडूक, ती डबकी. आणि एक पाखरू, टिटू. तिघांनी डोंगर चढून, एकेकाला हरवत, एका आटलेल्या तळ्यापर्यंत मजल मारली होती. तळ्याच्या मधोमध तो बॉस उभा असायचा.

"दाव बरं," एका दुपारी जळबा म्हणाला आणि चष्मा लावून बसला.

भेगाळलेली जमीन. तिच्यावर काळपट, थोराड अंगाचं काहीतरी.

"रेडाच दिसतो."

"शिंगं कुठं हायेत?"

शिंगं नव्हती. मान रेड्याहून लांब होती. जळबा बराच वेळ पाहत राहिला. त्याला काहीतरी खटकत होतं, आणि मग ते चालू लागल्यावर कळलं. त्याचे पुढचे पाय जनावरासारखे वाकत नव्हते. माणूस हात टेकून चालला तर कोपर जसं वाकेल, तसे ते वाकत होते.

"हे चित्र काढणारानं जनावर पाह्यलं न्हाई कधी," तो म्हणाला.

दीक्षा हसली नाही. तिनं आपला डाव समजावला. "आधी डबकीनं विष लावायचं. विष चढंपर्यंत टिटूला म्होरं करायचं, ते उडून वार चुकवते. मिरचीला शेवटपर्यंत राखायचं, तिची आग भरू द्यायची. त्याची ताकद निम्म्यावर आली की तो मान वर करतो. मान वर असली की काहीबी मारा, उलटं आपल्यालाच लागतं. आन् मग तो पाय आपटतो, की आपण सगळेच खल्लास."

"मग मान खाली घातल्यावर मार."

"घालतच न्हाई ना तो! सगळी पोरं तिथंच अडकून राहिली."

"तहानलंय ते," जळबा म्हणाला.

"आबा, गेममधलं हाय ते."

"असंल. पण आटलेल्या तळ्यात उभं राहून वास घेतंय. तहानलेलंच जनावर अशी मान वर करतं."

तिनं डाव सुरू केला. विष लागलं. पाखरू इकडून तिकडे उडत राहिलं. पोरीचा सगळा जीव अंगठ्यात आला होता, कपाळावर घाम होता, ओठ वाळून पांढरे पडले होते. ते वाळलेले ओठ पाहून जळबाला राहवलं नाही. त्यानं तांब्या उचलून तिच्या तोंडापाशी नेला आणि शीळ घातली.

पडद्यावरच्या त्या जनावरानं मान खाली घातली.

हळूहळू, अगदी जमिनीला तोंड टेकेपर्यंत. भेगेत तोंड घालून ते स्वस्थ उभं राहिलं.

"आबा! थांबू नका! घाला, घाला!"

तो शीळ घालत राहिला आणि पोरीनं मिरचीची सगळी आग त्या वाकलेल्या मानेवर सोडली. जनावर गुडघ्यावर आलं, मग कुशीवर. दीक्षा किंचाळत उठली आणि तिनं आजोबाच्या गळ्याला मिठी मारली. तांब्यातलं अर्धं पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"फोनला ऐकू येतं व्हय?" जळबानं विचारलं.

"येतं ना. माइक असतो." ती पडद्याकडे पाहत होती. तिथं हिंदीत लिहून आलं होतं, इसे घर ले जाएँ? "आबा, घरी आनायचं का म्हनते."

"आन की. गोठा रिकामाच हाय."

तिनं बोट टेकवलं.

जळबाला पोरीच्या आनंदात भर घालावीशी वाटली. नवीन जनावर घरी आलं की उंबऱ्यावर त्याच्या पायावर पाणी घालतात. त्याच्या घरात देवधर्माचं, पूजेचं असं काही राहिलं नव्हतं. बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं नदीला सोडलं होतं. पण पायावरचं पाणी बापानंही सोडलं नव्हतं. तो म्हणायचा, यात देव कुठं आला, जनावर उन्हातून चालत येतं, त्याचे पाय पोळलेले असतात.

"मग पायावर पाणी घालाया पायजे," जळबा म्हणाला.

पोरगी खिदळली. तिनं मोबाईल उंबऱ्यावर उभा धरला. जळबानं तांब्यात उरलेलं पाणी उंबऱ्यावर ओतलं, आणि दोघंही एकदम म्हणाले, "ये बाबा, ये."

दगडी उंबरा तापलेला होता. पाणी चर्र करून क्षणात वाळलं.

३

त्यानंतर पोरगी पाणी प्यायला लागली.

निदान जळबाला तसं वाटलं. पडवीत झळा येतात म्हणून दीक्षा आता आतल्या खोलीत बसायची. तो बाजेवर पडल्या पडल्या, डोळे मिटून शीळ घालायचा. थोड्या वेळानं आतून आवाज यायचा, गट, गट, गट. भांडं तोंडाला लावून प्यायल्यासारखा नव्हता तो, जरा पसरट होता. पण चांगला पोटभर. म्हातारा मनात म्हणायचा, पी माय, पी.

संध्याकाळी ज्योतीचा फोन आला की तो अभिमानानं सांगायचा. "जयभीम माय. अगं रांजण रिकामा करून राहिली पोरगी."

"खरंच मामा?"

"मी का खोटं बोलतो? हाताला फोड आले पानी भरून."

रांजण खरंच रिकामा होत होता. सकाळी नळाला पाणी आलं की तो काठोकाठ भरायचा, आणि दिवस कलायच्या आत तळाचा गाळ दिसायचा. एवढं पाणी एका लेकराच्या पोटात कसं मावेल, हा विचार त्याच्या मनात आला. पण उन्हाळा होता, रांजण जुना होता, झिरपत असेल. त्यानं रांजणाभोवतीची माती चाचपली. कोरडी ठणठणीत होती.

शेजारची चतुराबाई लसूण निवडायला पडवीत यायची. नवरा गेल्यापासून तिला बोलायला माणूस लागायचं, आणि जळबा कमी बोलायचा म्हणून तिला तो फार सोयीचा होता.

"काय जळबा भाऊ, सांगितलं न्हाई. काय घेतलं, गाय का म्हैस?"

"कुठं काय घेतलं?"

"मला म्हातारीला बनवू नका. माझी भिंत तुमच्या गोठ्याला लागून हाय. दुपारभर पिऊन राहिलं ते. अन् सुस्कारे सोडून राहिलं. दूध मागाया येईन म्हनून लपवून ठेवलं का?"

"नात पिते ती."

चतुराबाई लसणाची पाकळी हातात धरून थांबली. "तुमची नात सुस्कारे सोडते?"

"तुमच्या कानाचं बघा जरा, वहिनी."

"माझे कान? नवरा घोरायचा तर त्याच्यातबी सूर ऐकायचे मी!" ती हसली. पण निघताना मागच्या बाजूनं गेली, आणि जाताना गोठ्यात डोकावली. मग पदर सावरून घराकडे वळली.

४

दीक्षाच्या पोटात कळ आली ती सकाळी, चहा पिताना. ती दुमडून बसली आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला.

जळबानं तिला मांडीवर घेतलं. "असं काहून होतंय माय? एवढं पानी पिऊन राहिलीस, खडा पडायला पायजे आता."

"कुठं पिते मी?" ती कण्हत म्हणाली.

"दुपारचं. आत बसून."

"मी झोपते आबा दुपारी. तुमची शीळ आली की झोप येते मला."

जळबानं तिच्या ओठांवरून अंगठा फिरवला. ओठांना भेगा पडल्या होत्या. इतके दिवस त्याच्या डोळ्यांसमोर होत्या त्या, आणि तो रांजणाकडे बघून खूश होत होता. त्यानं वाटीनं, चमच्यानं, जमेल तसं तिला पाणी पाजलं. थोडं गेलं, बाकीचं उलटून पडलं.

कळ थांबल्यावर त्यानं विचारलं, "तो गेम दाव."

पडद्यावर तेच आटलेलं तळं होतं. त्यात काहीच नव्हतं.

"तुझी जनावरं?"

"गेली."

"कुठं?"

"तहानेनं गेली असतील," ती म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. ज्या डबकीसाठी ती जेवण सोडून बसायची, तिच्याबद्दल हे असं बोलणं जळबाला फार परकं वाटलं.

"आन् तो? घरी आनलेला?"

दीक्षानं मोबाईल उलटा ठेवला. "तो तर घरी हाय ना."

त्या दुपारी तो बाजेवर पडला नाही. दीक्षाला त्यानं पडवीतच, आपल्या नजरेसमोर निजवलं. मग दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि आतल्या खोलीकडे पाठ करून शीळ घातली. आपण वेड्यासारखं करतोय, असं त्याला वाटत होतं. रिकाम्या खोलीला शीळ घालणारा दुसरा कुणी म्हातारा दिसला असता, तर तो स्वतःच हसला असता.

बाजेवर पोरीचा श्वास संथ चालला होता.

आतून आवाज आला. गट. गट. गट.

त्यानं शीळ थांबवली. आवाजही थांबला. मग एक लांब सुस्कारा आला. पाणी मध्येच काढून घेतलं की जनावर सोडतं तसा.

तो वळला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. रांजणावरचं झाकण खाली मातीत ठेवलेलं होतं. पडलेलं नाही, नीट ठेवलेलं. आतलं पाणी अजून हलत होतं. काठावर चारी बाजूंनी थेंब ओघळत होते, आणि रांजणाच्या दोन्ही अंगांना जमिनीवर ओल होती. दोन डाग, सारख्या अंतरावर. कुणीतरी हात टेकून वाकावं तसे.

मांजर असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मांजर झाकण ठेवत नाही, हेही त्यानंच सांगितलं.

५

बाजाराच्या दिवशी तो मोबाईल घेऊन माऊलीच्या दुकानात गेला. माऊलीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान कापसाच्या गोदामासमोर होतं. माणूस तोंडाळ, पण प्रेमळ.

"या काका. तुमी बी लागले का रील पाहायला?"

"हा गेम काढून टाक बाबा. पोरीचं त्याच्यापायी पान्याकडं ध्यान राहत न्हाई."

"एवढंच? बसा." माऊलीनं बोटं फिरवली. "सगळं गाव याच बॉसपाशी बसून हाय. माझा साडूसुद्धा. तुमच्या पोरीनं मारला?"

"मारला न्हाई. घरी आनला."

"तसं कुठं हाय याच्यात? बॉस मारायचा आसतो, पाळायचा न्हाई." माऊली हसला. "लेकरं काहीबी सांगतात."

मग जळबानं त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. "माऊली, माणसानं शीळ घातली तर ती ऐकून यातलं जनावर मान खाली घालतं का?"

"आँ?"

"माइक असतो ना."

माऊलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग पडद्यावर दोनचार ठिकाणी दाबून पाहिलं. "फोनला माइक हाय, काका. पण या गेमला माइकची परवानगीच न्हाई. मागतच न्हाई तो. तुमी त्याच्यासमोर बँड वाजवा, त्याला काय पत्ता?"

इतके दिवस जळबा त्या एका गोष्टीवर उभा होता. फोन ऐकतो. नवीन यंत्रं, असेल काहीतरी. आता तीही गेली.

"काढून टाकला बघा," माऊली म्हणाला. "आता नाव न्हाई, निशान न्हाई."

घरी येऊन त्यानं दीक्षाला सांगितलं. रडारड होईल म्हणून त्यानं बाजारातून गोडीशेवही आणली होती. पण तिनं नुसती मान हलवली.

"चालंल आबा. तिथं न्हाईच ना तो आता."

मग ती हळूच म्हणाली, "तुमी शीळ घालू नका. तुमी शीळ घातली की मला वाटतं मला बलावलं. उठाया जाते, तर कुनीतरी आधीच उठलेलं असतं."

संध्याकाळी ज्योतीचा फोन आला. उद्याच ती आणि प्रमोद पोरीला न्यायला येणार होते. पोटाचा फोटो काढायची तारीख अलीकडे आली होती. "लेकरू धडधाकट झालं असंल ना मामा, एवढं पानी प्यालं तर?"



६

जनावर घराबाहेर काढायची एकच रीत त्याला माहीत होती.

मारून जनावर जात नाही. ओढून जात नाही. त्याला तहान लागू द्यायची, आणि मग पाणी घेऊन त्याच्यापुढं चालायचं. चालताना मागं पाहायचं नाही. मागं पाहिलं की ते अडतं, पाय रोवून उभं राहतं. पुढच्या माणसानं पाठ दाखवून, शीळ घालत, सरळ चालत राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रांजण भरलाच नाही. होतं नव्हतं ते पाणी अंगणातल्या झाडाला घातलं. दीक्षासाठी एक बाटली भरून चतुराबाईच्या हातात दिली.

"पोरीला दिवसभर तुमच्यापाशी ठेवा, वहिनी. घोट घोट पाजत राहा. मी येईस्तोवर सोडू नका."

चतुराबाईनं या वेळी थट्टा केली नाही. "गोठ्यातलं घेऊन चाललात का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"लवकर न्या."

उन्हं उतरणीला लागली तेव्हा घर पार कोरडं झालं होतं. आत काही आवाज नव्हता, पण भिंतींनासुद्धा तहान लागल्यासारखं वाटत होतं. जळबानं फोन फळीवर चार्जिंगला लावून ठेवला. शेजारच्या हापशावरून बादली भरून आणली, उंबऱ्यावर उभा राहिला, घराकडे पाठ केली आणि शीळ घातली.

काहीच झालं नाही. मग आतून, जमिनीवरून काहीतरी सरकत आल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागं थांबला. बादलीतल्या पाण्यावर अगदी बारीक लाट उठली.

तो चालू लागला.

गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडे जुनी सिमेंटची डोणी होती. पूर्वी सगळ्या गावची गुरं तिथं पाणी प्यायची. तिथवरचा रस्ता धुळीच्या फुफाट्याचा, सामसूम. जळबाचा हात बादलीनं दुखत होता, ओठ वाळले होते, शीळ मधूनच फाटायची. ती फाटली की मागची चाहूलही थांबायची. तो पुन्हा ओठ ओले करायचा, पुन्हा सुरू करायचा. मागची पावलं हलकी होती. एवढ्या थोराड जनावराची पावलं एवढी हलकी कशी, हा प्रश्न त्याला पडला, पण त्यानं मागं पाहिलं नाही. कधी पावलांचा आवाज दोन पायांचा वाटायचा, कधी चारांचा.

डोणीपाशी येऊन त्यानं बादली तिच्यात रिकामी केली आणि दोन पावलं पुढं जाऊन उभा राहिला. शीळ चालूच ठेवली.

मागं पाणी पिण्याचा आवाज सुरू झाला. फार वेळ चालला. मग आवाज थांबला आणि कुणीतरी म्हणालं, "आबा."

तो गरकन वळला.

डोणीच्या काठाला दीक्षा उभी होती. अनवाणी. समोरचे केस कपाळावर चिकटलेले, तोंडावरून, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"तू? तू चतुराबाईकडून काहून आलीस?"

"तुमी शीळ घातली ना. म्हनून आले मागंमागं."

डोणी रिकामी होती. त्याचं लेकरू पाणी प्यालं होतं. पोटभर, त्याच्या शिळेवर, लहानपणी प्यायचं तसं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"अजून कुनी होतं का तुझ्याबराबर? माझ्या मागं?"

"न्हाई. मीच होते."

७

त्यानं तिचा हात धरला आणि दोघं गावाकडे निघाले. हात गार होता. इतक्या उन्हात लेकराचा हात असा गार लागला, की त्याला बरंच वाटलं.

फुफाट्यात येतानाच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. त्याच्या चपला, आणि त्यांच्या मागं लहान, अनवाणी पावलं. जनावराचा एकही खूर नव्हता. म्हणजे काहीच नव्हतं तर. सगळा म्हातारपणाचा भ्रम, आणि रांजणाला कुठंतरी बारीक चीर. पोरगी आपल्या शिळेमागं चालत आली, एवढीच गोष्ट. त्याला हलकं वाटलं. त्याला ज्योतीला सांगायचं होतं की लेकरू प्यालं.

थोडं पुढं गेल्यावर लहान पावलांच्या पुढं हाताचे पंजे उमटलेले दिसले. बोटं पसरलेली, तळवे खोल रुतलेले. पडली असेल. हात टेकून उठली असेल. आणखी पुढं पुन्हा तेच. मग पुन्हा.

"पडलीस का गं येताना?"

"न्हाई तर," ती म्हणाली.

चतुराबाईच्या दाराला कडी होती. ती दिसली नाही. जळबाच्या अंगणात सावल्या लांबल्या होत्या. घराचं दार त्यानं उघडंच टाकलं होतं, आणि आत फळीवरचा फोन वाजत होता. तो लगबगीनं पाऊल उचलणार, तोच फोन वाजायचा थांबला. कुणीतरी उचलला होता.

"हॅलो दीक्षा?" फोनच्या स्पीकरवरून ज्योतीचा आवाज आला, मोठा, आनंदी. "आगं, निघालो आमी. औंढा सोडलं. पानी प्यालीस का आज?"

"प्याले आई," आतून दीक्षाचा आवाज आला. थकलेला, खरखरीत, वाळलेल्या ओठांचा. "चतुरा आजीनं पाजलं. समदी बाटली. आता आजी अन् मी घरी आलो, आजी मागं गोठ्यात पाहून राहिली."

"शाब्बास माझ्या वाघिनी. मामा कुठंयत?"

"आबा भायेर गेलेत," आतला आवाज म्हणाला. "जनावराला पानी पाजाया."

जळबा अंगणात थांबला. त्याच्या मुठीतला गार हात जरासुद्धा हलला नाही. सुटायला पाहत नव्हता, घट्टही धरत नव्हता. त्यानं खाली पाहिलं नाही. पाहिलं की जनावर अडतं, हे त्याला माहीत होतं.

हातानंच त्याला हळूच पुढं नेलं, एक पाऊल, आणखी एक. उंबऱ्यापाशी मात्र ती थांबली. तांब्या बाजेखाली होता तिथंच होता. तिनं एक पाय उचलून दुसऱ्यावर घासला, उन्हातून लांबवर चालत आलेल्यानं घासावा तसा, आणि वाट पाहत उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "पाय लई पोळले. पानी घाला ना."